बंद दवाखान्याचा फोल्डर

सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी बंद पडलेल्या दवाखान्याच्या फोल्डरमध्ये एक जबडा आला.

लॅबमध्ये जबडा येणं ही काही बातमी नव्हे. शहरभरचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात पेनाएवढा कॅमेरा फिरवतात. त्यातून वरचा जबडा, खालचा जबडा आणि दोन्ही मिटल्यावर एकमेकांवर कसे बसतात ते, अशा आकृत्या तयार होतात आणि लॅबच्या सर्व्हरवर येऊन पडतात. लॅबवाले त्यावरून कॅप घडवतात, ब्रिज घडवतात, म्हाताऱ्यांच्या कवळ्या घडवतात. दात कोरून पोट भरत नाही असं कुणी म्हणालं, की लॅबचे मालक आपल्या पोटावरून हात फिरवत म्हणत, "त्याला माझ्याकडे पाठवा."

बातमी होती ती फोल्डरची. तो दवाखाना बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.

जबडा पहिल्यांदा बघितला तो धाकट्याने. घरात दोन भावांमधला तो धाकटा, आणि त्याची आई लॅबच्या फोनवर "धाकट्याला द्या जरा" असं म्हणायची म्हणून लॅबमध्येही धाकटाच. चाळिशी जवळ आली, कानशिलं पांढरी झाली, तरी नाव बदललं नाही. त्याचं खरं काम कॅप घडवण्याचं. पण एकदा मालकांचा बंद पडलेला कॉम्प्युटर त्याने चालू करून दिला होता, आणि एकदा केलेलं काम गळ्यात पडतं तसा सर्व्हर त्याच्या गळ्यात पडला होता.

सर्व्हरवर कुणाला काय करता येईल हे त्यानेच ठरवलं होतं. त्याला कारणही तसंच घडलं होतं. एका डॉक्टरने चुकीचा स्कॅन पाठवला, कॅप बसली नाही, तेव्हा गुपचूप तो स्कॅन पुसून त्याच नावाने दुसरा टाकला आणि लॅबच्या नावाने बोंब ठोकली. त्या दिवशी धाकट्याने बसून सगळ्या दवाखान्यांच्या परवानग्या नव्याने लावल्या. प्रत्येकाचा वेगळा युजर, वेगळा फोल्डर. अपलोड करता येईल. टाकलेलं पुसता येणार नाही, बदलता येणार नाही, फोल्डरमध्ये काय आहे ते बघताही येणार नाही. "टपालपेटीसारखं," त्याने मालकांना समजावलं होतं. "टाकता येतं. आत हात घालता येत नाही."

दवाखाना बंद झाल्यावर खरं तर त्या युजरची अपलोडची खूण काढायची होती. जुने स्कॅन काही वर्षं जपून ठेवावे लागतात म्हणून युजर काढता येत नव्हता, पण ती एक खूण काढायला मिनिटही लागलं नसतं. धाकट्याने ते उद्यावर टाकलं, आणि उद्याचं दीड वर्ष झालं.

त्याने फाइल उघडली. आधी वरचा जबडा पडद्यावर फिरला. उजवीकडे सुळ्यामागची दाढ घासून खुंट केलेली होती, म्हणजे तिथे कॅप हवी होती. फाइलच्या नावात पेशंटचं नाव नव्हतं, फक्त त्या दाढेचा नंबर. नेहमीचंच काम. मग त्याने खालचा जबडा उघडला, डाव्या बाजूला वळवला, आणि माउसवरचा हात काढून घेतला.

खाली डावीकडे, शेवटून दुसरी, एक कॅप होती. ती त्याने केलेली होती.

यात ओळखण्यासारखं कसब काही नव्हतं, एक खोड होती. मशीनने कापलेल्या कॅपवरच्या खाचा इतक्या सारख्या असतात की दात मेलेला वाटतो. म्हणून भट्टीत जाण्याआधी, कॅप खडूसारखी मऊ असते तेव्हा, धाकटा तिच्यावर हाताने एक रेघ ओढायचा. रेघेच्या शेवटी त्याचं मनगट अडायचं आणि स्वल्पविरामासारखा आकडा पडायचा. मनगट लहानपणी मोडलं होतं. दादाने झोपाळ्यावरून ढकललं होतं.

आणि खालची ती कॅप दादाचीच होती. शिकाऊ असताना धाकट्याने घडवलेली पहिली, किंचित वाकडी. दादा आरशात बघून म्हणाला होता, "ही दाढ तुझी आहे, माझी नाही. मी आपला भाड्याने वापरतो."

दादा एका सकाळी गाडीचं पंक्चर काढायला म्हणून बाहेर पडला होता. गाडी पंक्चरवाल्याकडे मिळाली. पंक्चर काढलेलं होतं. पंक्चरवाल्याने सांगितलं, ते म्हणाले हवा भरून ठेवा, आलोच. त्याला आता कायद्याने ठरवलेली वर्षं उलटून गेली होती. वहिनीने कोर्टात अर्ज दिला होता, नवऱ्याला मृत जाहीर करावं म्हणून. पुढच्या गुरुवारी सुनावणी होती, आणि त्या माणसाचा गेल्या इतक्या वर्षांत कसलाही पत्ता, कसलाही निरोप नाही, हे शपथेवर सांगायला घरातून एकच साक्षीदार होता. धाकटा.

त्याने जबडा मोठा करून पाहिला. दादा झोपेत दात खायचा. शेजारच्या खोलीत ऐकू यायचं, कुणी जातं फिरवतंय तसं. या जबड्यातले दातही तसेच झिजलेले होते, पण धाकट्याला आठवत होते त्याहून बरेच जास्त. मधली वर्षं त्या दातांनी काढली होती. हिरड्या गुलाबी होत्या. खुंटाभोवती हिरडीवर लाळेची चमक होती. धाकट्याने हजारो जबडे बघितले होते. ओल्या तोंडाचा स्कॅन कसा दिसतो हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

"काय रे, गळ टाकून बसल्यासारखा बसलायस," मागून मालक म्हणाले.

"बंद दवाखान्याच्या युजरवरून स्कॅन आलाय."

"मग त्याचं अपलोड बंद कर. उद्या कुणी त्यातून व्हायरस सोडला तर शंभर डॉक्टरांपुढे दाताच्या कण्या करत बसावं लागेल मला."

"करतो," धाकटा म्हणाला.

केलं नाही. त्याने दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या आता दुसऱ्या शहरात मुलीकडे राहत होत्या.

"माझ्या दवाखान्यातून स्कॅन?" बाई हसल्या. "तिथून आता उंदीरसुद्धा यायचा नाही."

"तुमचा स्कॅनर कुणाला दिलात?"

"भंगारात. कॅमेऱ्याचं टोकच फुटलं होतं."

"आणि पासवर्ड?"

"तो दवाखाना चालू होता तेव्हाही माझ्या लक्षात राहत नव्हता. कॉम्प्युटरला चिकटवून ठेवला होता, त्याच्याबरोबर गेला असेल. पेशंट कोण आहे?"

"नाव नाही लिहिलेलं."

"मग नका करू. नाव नसलेल्या तोंडात कॅप घालू नये," बाई म्हणाल्या, आणि आपल्या विनोदावर पुन्हा हसल्या.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धाकटा त्या दवाखान्यावर गेला. खाली वह्या-पेनांचं दुकान, वर जायला लोखंडी जिना. किल्ली दुकानदाराकडे होती. जागा भाड्याने घ्यायची आहे असं सांगितल्यावर तो उत्साहाने वर आला आणि भिंती ठोकून दाखवू लागला.

खोली रिकामी होती. पेशंटची खुर्ची होती तिथे जमिनीत बोल्टची चार भोकं. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा फिकट चौकोन. चूळ भरायच्या भांड्याचा पाइप भिंतीतून बाहेर आलेला, त्याच्या तोंडाला बूच. फरशीवर धूळ होती आणि धुळीत दोघांच्याच पायांचे ठसे होते, आत्ताच उमटलेले. फोनची तार खिडकीजवळ कापून गुंडाळून ठेवली होती.

"कसला वास येतोय?" धाकट्याने विचारलं.

दुकानदाराने नाक वर केलं. "बंद खोलीचा. खिडकी उघडली की जाईल."

"नाही. जळका."

"मला नाही येत बुवा. तुमच्या कपड्यांचा असेल. कुठे काम करता?"

"दातांच्या लॅबमध्ये."

"मग बरोबर आहे," दुकानदार म्हणाला.

बरोबर नव्हतं. तो वास जिवंत दात ड्रिलने घासल्यावर येतो. लॅबमध्ये खरे दात कधीच घासले जात नाहीत.

परत आल्यावर त्याने तो युजर सर्व्हरला कुठून जोडला गेला होता ते बघितलं. त्या दवाखान्याच्या जुन्या लाइनीवरून. टेलिफोन कंपनीतली बाई नम्रपणे म्हणाली, ही लाइन केव्हाच तोडली आहे आणि तिचा इंटरनेटचा पत्ता सध्या कुणालाही दिलेला नाही. त्याने पुन्हा विचारलं. तिने तेवढ्याच नम्रपणे पुन्हा तेच सांगितलं.

आता शहाण्या माणसाने काय करावं हे धाकट्याला कळत होतं. ते सोडून त्याने कॅप केली.

ऑर्डर आली की माल गेला पाहिजे, ही लॅबची रीत. त्याने पडद्यावर खुंटावर कॅप आखली, मशीनने कापली, भट्टीत जाण्याआधी सवयीने रेघ ओढली. मनगट अडलं, आकडा पडला. दुसऱ्या दिवशी भट्टीतून कॅप टणक आणि चकचकीत होऊन निघाली. पाठवायला पत्ता नव्हता. त्याने ती एका डबीत ठेवली आणि डबी आपल्या टेबलाच्या कप्प्यात.

मग त्याने परवानग्यांचं पान उघडलं. त्या युजरपुढे एकच खूण होती, अपलोडची. तिकडे जो कोणी होता त्याला या बाजूचं काहीच दिसत नव्हतं. फाइल टाकायची आणि बंद पेटीपुढे उभं राहायचं. कुणी घेतली की नाही, कुणी वाचली की नाही, काही कळायला मार्ग नाही. ही व्यवस्था धाकट्याने स्वतःच केली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. आता त्याने आणखी दोन खुणा केल्या. फोल्डर बघण्याची आणि त्यातलं उचलण्याची. आणि कॅपच्या आखणीची फाइल त्या फोल्डरमध्ये ठेवली. चिठ्ठी लिहावी असं मनात आलं, पण काय लिहायचं ते सुचेना. दादाला त्याने जन्मात कधी पत्र लिहिलं नव्हतं.

चहा घेऊन परत येईपर्यंत फाइल कुणीतरी उतरवून घेतली होती.

म्हणजे माणूस आहे, त्याने स्वतःला समजावलं. कुठेतरी कॉम्प्युटर आहे, मशीन आहे, डॉक्टर आहे. दादा कुठल्याशा गावात दुसरं घर करून राहतोय, दाढ दुखली, डॉक्टरने भंगारातून घेतलेल्या कॉम्प्युटरवरून स्कॅन पाठवला. त्याला हे पटत गेलं. राग आला, आणि राग आल्यावर बरंही वाटलं.

दोन दिवसांनी दुसरा जबडा आला. कॅप बसवलेली होती.

धाकट्याने वरची उजवी बाजू वळवली आणि मोठी केली. कॅप खुंटावर नीट बसली होती, हिरडीशी केसाइतकीही फट नाही. कॅपवर रेघ होती. रेघेच्या शेवटी आकडा होता.

आखणीच्या फाइलमध्ये रेघ नव्हती. रेघ आखणीनंतर हाताने ओढली होती, आणि ती फक्त एकाच कॅपवर होती.

त्याने कप्पा उघडला. डबी उघडली. कॅप तिथेच होती, चकचकीत. त्याने ती बोटांत धरली, उजेडात फिरवली, पडद्याशेजारी धरली. रेघ तीच. आकडाही तोच. मग त्याच्या लक्षात आलं की आपण कॅप जिभेने चाटून बघितली. का, ते त्याला सांगता आलं नसतं. तिला कसलीही चव नव्हती.

त्याने तो जबडा प्रिंटरवर छापायला लावला. राखाडी प्लॅस्टिकचा जबडा थर थर करत वर आला. तो धुऊन, रुमालात गुंडाळून धाकटा वहिनीच्या दुकानात गेला.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काम करायची. दुकानात काचा घासणारा एक माणूस होता, अबोल, विधुर. वहिनीचा अर्ज त्याच्यासाठी होता हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आईलासुद्धा. आई त्याविषयी बोलत नसे. ती फक्त दर तीन महिन्यांनी न्हाणीघरातला दादाचा ब्रश बदलायची.

"या भावजी," वहिनी म्हणाली. "नंबर वाढला का?"

"नंबर नाही. जरा मागे येता?"

मागच्या खोलीत डोळे तपासायचा तक्ता होता. वहिनीने दार लोटलं. धाकट्याने रुमाल उघडून जबडा स्टुलावर ठेवला आणि जे घडलं ते क्रमाने सांगितलं. तिने मधे एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर तिने जबडा उचलला, खालची डावी बाजू अंगठ्याने चाचपली. अंगठा त्या वाकड्या कॅपवर थांबला. मग तिने जबडा होता तसा परत ठेवला.

"आईंना दाखवलंत?"

"नाही."

"दाखवू नका. आज ब्रश बदलतायत, उद्या ताट वाढायला लागतील."

"वहिनी, मला शपथेवर विचारणार आहेत. काही कळलं का त्याचं, म्हणून. काय सांगू मी?"

"काय कळलं तुम्हाला? कुठे आहे ते कळलं?"

"नाही."

"का गेला ते?"

"नाही."

"आहे का नाही, हे तरी?"

धाकट्याने रुमालाची टोकं जुळवली.

"मग तेच सांगा," वहिनी म्हणाली. "मी पहिली दोन वर्षं दाराला आतून कडी लावली नाही. रात्री येईल, वाजवेल, आपल्याला जाग नाही आली तर, म्हणून. तुम्हाला माहीत नसेल. उघडं दार असलेल्या घरात झोप लागत नाही भावजी. आणि तो माणूस," तिने बाहेर मान हलवली, "तीन वर्षं काचा घासत थांबलाय. एक शब्द बोलत नाही. बोलला असता तर कदाचित मी नाहीही म्हटलं असतं."

"हा दादाचाच जबडा आहे."

"असेल."

"तुम्ही ओळखलात."

"भावजी, मी ते बघितलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "गुंडाळा ते. बाहेर गिऱ्हाईक थांबलंय."

तो दारापर्यंत गेला तेव्हा तिने मागून विचारलं, "दुखत असेल का हो त्याला?"

"दाढ? घासताना बधिर करतात. नंतर एक-दोन दिवस ठणकते."

वहिनीने मान डोलावली आणि गिऱ्हाइकापुढे चष्म्यांचा ट्रे सरकवला.

तिसरा जबडा सुनावणीच्या आदल्या दिवशी आला. यावेळी फाइलच्या नावात दाढेचा नंबर नव्हता. दुरुस्त करण्यासारखं जबड्यात काही नव्हतं. दोन्ही कॅप जागच्या जागी होत्या. फक्त खालच्या दातांच्या आत, जिथे मोकळी जागा दिसायला हवी, तिथे गुलाबी रंगाचे फाटके थर एकावर एक साचले होते.

धाकट्याशेजारी बसणाऱ्या मुलीने मान लांब करून बघितलं. ती कवळ्या रंगवायची. "शी. काय हे?"

"जीभ."

"इतकी?"

"हलली की अशी येते. कॅमेरा फिरत असताना पेशंट गप्प बसला नाही की."

"डॉक्टर सांगतात ना, बोलू नका म्हणून."

"सांगतात," धाकटा म्हणाला.

तो बराच वेळ ते थर बघत राहिला. आवाज नाही, ओठ नाहीत, चेहरा नाही. दात, हिरड्या आणि हललेली जीभ. काय बोलत होता हे त्यातून काढता येईल का, असा विचार त्याने केला आणि तो लगेच सोडून दिला. बोलणं लांबलचक होतं एवढं मात्र दिसत होतं. एवढे थर एका शब्दाने साचत नाहीत.

गुरुवारी कोर्टात जाण्याआधी तो लॅबमध्ये गेला. परवानग्यांचं पान उघडून त्या युजरपुढची अपलोडची खूण काढली. यापुढे काही आलं तर ते पोचणार नाही, आणि जे पोचलंच नाही त्याबद्दल शपथ घ्यायला हरकत नाही, असा त्याचा हिशेब होता. आधीच पोचलेल्या तीन जबड्यांचं काय, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. बदल जतन झाल्याची ओळ आली तेव्हा त्याने पडदा बंद केला आणि शर्ट पँटमध्ये नीट खोचला.

कोर्टाची खोली लहान होती. पंखा आवाज करत होता, म्हणून न्यायाधीशांनी तो बंद करायला सांगितला. वहिनी पहिल्या बाकावर बसली होती, काचा घासणारा आला नव्हता. आईही नव्हती. धाकट्याने शपथ घेतली. वहिनीच्या वकीलबाईंनी दादा कधी गेला, शोध कसा घेतला, पोलिसांनी काय सांगितलं, हे एकामागून एक विचारलं. उत्तरं सोपी होती.

"या सगळ्या काळात," वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला, तुमच्या आईला किंवा ओळखीच्या कुणाला त्यांच्याकडून पत्र, फोन, निरोप, काही आलं?"

"नाही," धाकटा म्हणाला.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "कुठल्याही प्रकारचा संपर्क?"

वहिनी समोरच्या टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"कुठल्याही प्रकारचा नाही."

टायपिंग करणाऱ्याने ते उतरवून घेतलं. निकाल पुढच्या महिन्यात देऊ, असं न्यायाधीश म्हणाले, आणि पंखा परत चालू झाला.

बाहेर पायऱ्यांवर वहिनी म्हणाली, "चहा घ्याल?"

"लॅबमध्ये काम आहे."

"बरं." ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "बंद केलंत ना ते?"

"सकाळीच."

"बरं केलंत," ती म्हणाली. पण लगेच निघाली नाही. पर्सचा पट्टा सारखा करत तशीच उभी राहिली, काही विचारायचं राहिलं असावं तशी. मग गेली.

लॅबमध्ये येऊन धाकट्याने सर्व्हरची नोंद उघडली. तो कोर्टात शपथ घेत होता साधारण त्याच सुमाराला बंद दवाखान्याचा युजर आत आला होता. पासवर्ड बरोबर. फाइल टाकायचा प्रयत्न केला. सर्व्हरने उत्तर दिलं होतं: परवानगी नाही. पुन्हा प्रयत्न. परवानगी नाही. पुन्हा. तीच ओळ खाली खाली जात होती. घाई दिसत नव्हती. दोन प्रयत्नांच्या मधे माणूस श्वास घेईल एवढं अंतर होतं.

मग प्रयत्न थांबले होते. त्यानंतर युजरने फोल्डरमध्ये काय आहे ते मागितलं, आणि ते मात्र त्याला मिळालं. बघण्याची आणि उचलण्याची खूण काढायला धाकटा विसरला होता. यादीत जुने स्कॅन होते, तीन नवे जबडे होते आणि कॅपची आखणी होती. युजरने त्यातलं काही उचललं नाही. यादी बघितली आणि तो तिथेच थांबला.

काहीही न करता थांबलेल्या युजरला सर्व्हर थोड्या वेळाने स्वतःच बाहेर काढतो. तो नियमही धाकट्याने घातलेला होता आणि बाकी सगळ्या दवाखान्यांना तो बरोबर लागत होता.

"सर्व्हर बंद करून चालू कर," मालक म्हणाले. "सगळ्या रोगांवर एकच औषध."

धाकट्याने सर्व्हर बंद केला. चालू केल्यावर नोंद कोरी झाली, आणि कोऱ्या नोंदीत पहिली ओळ त्या युजरची आली. आत आला. यादी बघितली. त्यापुढे काही नाही.

शुक्रवारी तो जोडलेला होता. शनिवारीही होता. रविवारी लॅब बंद असते. सोमवारी धाकट्याने उरलेल्या दोन खुणांवर बाण नेला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. तेवढ्यात आईचा फोन आला, ब्रश आणायचे आहेत, मऊ बघून आण. मग मालकांनी कवळीसाठी हाक मारली.

मंगळवारी सकाळी लॅब उघडली तेव्हा युजर जोडलेलाच होता. अपलोडची परवानगी अजून बंद आहे. बाकीच्या दोन चालू आहेत. कोर्टाचा निकाल यायचा आहे.